तापत्या जागेचा पितळी नट

मित्रांनो, पितळ म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे चिंचेने घासून लख्ख केलेली समई येत असेल, नाहीतर लग्नात आलेला तांब्या. मीही पितळेचाच आहे. पण मला आजवर कुणी चिंचेने घासले नाही आणि देवापुढेही ठेवले नाही. मी एक वयस्कर नट आहे, आणि माझा मुक्काम आहे तिहोमीरच्या निळ्या मोटारीच्या इंजिनाला लागून, जिथून जळलेला धूर बाहेर पडतो त्या तोंडाशी. तिथून चार वाकड्या नळ्या निघतात आणि पुढे एकीत मिळतात. या जुडग्याला हेडर म्हणतात. इंजिनातून आट्यांचे लोखंडी दांडे बाहेर आलेले असतात, त्यांना स्टड म्हणतात. हेडर त्या स्टडांवर चढवायचा आणि वरून आम्ही नटांनी तो आवळून धरायचा, एवढेच आमचे काम.

जागा काही ऐटीची नाही. वरून तेल ठिबकते, खालून चिखल उडतो, आणि चढ लागला की शेजारच्या नळ्या लालबुंद होतात. तिथे कुणीही टिकत नाही. मी टिकलो, म्हणून थोडी फुशारकी मारतो आहे. ती चालवून घ्या.

माझा जन्म चाचाक गावातल्या एका कारखान्यात, रादोयका नावाच्या मुलीच्या लेथवर झाला. तिहोमीर तेव्हा सडाफटिंग होता. मोटार त्याने नुकतीच घेतली होती आणि तिच्या हेडरला होते लोखंडी नट. तापून आणि गंजून ते स्टडला असे चिकटले की त्याने पान्यावर जोर लावताच नट सुटला नाही, स्टडच मोडून हातात आला. तो तुकडा घेऊन तो कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिला. कुणीतरी त्याला रादोयकाकडे पाठवले.

"किती जोर लावलात?" तिने तुकडा हातात फिरवत विचारले.

"होता तेवढा."

"म्हणजे डोकं सोडून सगळं लावलंत."

तिहोमीर लाल झाला. तरी तो जागचा हलला नाही, आणि त्यामुळेच माझी गोष्ट सुरू झाली.

"पितळी नट लावा," रादोयका म्हणाली. "पितळ लोखंडाला गंजून चिकटत नाही. कितीही तापलं तरी पुढच्या वर्षी सुटतं. आणि समजा, तुमच्यासारखा कुणी पाना घेऊन अंगावर आलाच, तर पितळेचे आटे जातील, स्टड वाचेल. नट मी दहा करून देईन. मोडका स्टड काढायचा तर इंजिन उघडावं लागतं."

मग तिने पितळेची षटकोनी सळई लेथला लावली. सोनेरी कीस तिच्या पायाशी पडू लागला आणि एकेक करून आम्ही भावंडे जन्मलो. धातू मऊ, म्हणून तिने आम्हाला नेहमीच्या नटांपेक्षा उंच केले, आटे जास्त दिले. मी सर्वांत शेवटचा, म्हणजे शेंडेफळ. मला तिने फडक्याने पुसले आणि उजेडात धरून पाहिले. तिची ती नजर मला अजून आवडते.

आम्ही चांगले निघालो हे सांगायला तिहोमीर परत कारखान्यात आला. मग आणखी एकदा तेच सांगायला आला. नंतर तर तो यायचा आणि नटांचे नावही काढायचा नाही. शेवटी शेजारच्या लेथवरची बाई म्हणाली, "अगं रादोयका, याच्या गाडीला आता नट नको आहे. याला बायको हवी आहे."

लग्न झाले. आमच्याकडे लग्नाला कूम लागतो. तो नवरानवरीजवळ साक्षीला उभा राहतो, पुढे त्यांच्या मुलांची नावे ठेवतो आणि जन्मभर घरचा होऊन राहतो. कूमचा मान सख्ख्या भावाहून चढा. त्याच्या शब्दाला नाही म्हणायचे नसते. त्याने पाणी मागितले तर दारू द्यायची आणि दारू मागितली तर आधी खुर्ची द्यायची. तिहोमीरचा कूम झाला त्याचा सैन्यातला दोस्त ओब्राद, आणि तेव्हापासून दोघे एकमेकांना कूमच म्हणतात. मोठा दिलदार माणूस. हसायला लागला की अंगणातली कोंबडी पळायची.

त्यानंतरची वर्षे कशी गेली हे मी सांगत बसलो तर तुम्ही कंटाळाल. आम्ही आलुबुखाराच्या टोपल्या दारूच्या भट्टीवर नेल्या, बाजाराच्या दिवशी डुकराची पिल्ले नेली, आणि एका बर्फाच्या सकाळी इस्पितळातून नेवेनाला घरी आणले. नेवेना ही त्यांची मुलगी. त्या दिवशी तिहोमीर इतका सावकाश चालवत होता की आम्ही धड तापलोच नाही. दर वसंतात इंजिन पूर्ण गार असताना तो आम्हाला एकेकाला चाचपून पाही. कुणी सैल वाटला तर पान्याचा हलका हात देई. रादोयका शेजारी उभी असेच, कारण नवऱ्याचा हलका हात किती हलका असतो हे तिला ठाऊक होते. एकदा ती नव्हती, तेव्हा घाईत त्याने भलत्या मापाचा पाना लावला आणि माझा एक कोपरा गोल झाला. मी काही मनात धरले नाही.

ओब्राद पुढे कामासाठी जर्मनीला गेला. तिथे तो दुधाच्या मोठमोठ्या टाक्या करणाऱ्या कारखान्यात लागला. दर ऑगस्टला तो घरी यायचा आणि हात रिकामा कधी नसायचा.

आता मी मुख्य गोष्टीवर येतो. नेवेनाचे लग्न ठरले, आणि तिने सांगून टाकले की चर्चला जाईन तर निळ्या गाडीतूनच. चर्च डोंगरावर. रस्ता चढाचा आणि वळणांचा. नवीन झुळझुळीत गाड्या दारात उभ्या होत्या, पण पोरीचा हट्ट. तिहोमीरला काय आनंद झाला म्हणता! त्याने हेडर उतरवला, घासला, काळ्या रंगाने रंगवला, हेडर आणि इंजिन यांच्यामध्ये फट राहू नये म्हणून बसवतात ते नवे गॅस्केट आणले. आम्ही सगळे नट कसलीही कुरकुर न करता सुटलो. "काल लावल्यासारखे निघाले," तो रादोयकाला म्हणाला, आणि ती जराशी हसली. माझी छाती फुगली.

त्याच दुपारी ओब्राद आला. नेवेनाच्या लग्नातही कूम तोच होणार होता. आल्याआल्या त्याने पिशवीतून मखमलीची डबी काढली. आम्हाला वाटले नेवेनासाठी दागिना असेल. डबीत होते स्टेनलेस स्टीलचे स्टड आणि नट. आरशासारखे. त्यात तुम्ही भांग पाडू शकला असता.

"स्वतः केलेत," तो म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत. पॉलिशही मीच केलं. माझी पोर चर्चला जाणार, आणि इंजिनात हे हिरवे पडलेले जुने नट? छे, कूम, शोभत नाही."

तिहोमीरने डबीकडे पाहिले, मग रादोयकाकडे पाहिले. रादोयकाने चुलीवरच्या कढईकडे पाहिले. मित्रांनो, तिहोमीरला ठाऊक होते की तापत्या जागेला ते स्टेनलेस चालायचे नाही. रादोयकाने ते त्याला अनेकदा समजावून दिले होते. तो धातूच असा की लोखंडापेक्षा जास्त फुगतो, आणि फुगला की पकड ढिली होते. शिवाय स्टेनलेसच्या दांड्यावर स्टेनलेसचाच नट कोरडा आवळला तर दोघांचे आटे एकमेकांना चावून बसतात. मग ना पुढे ना मागे. पण भेट कूमची होती. जेवणाच्या सुट्ट्या मोडून केलेली होती.

"सुरेख आहेत," तिहोमीर म्हणाला. "आजच लावतो."

आमची रवानगी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत झाली. सोबत बिनकुलपाच्या किल्ल्या, एक तुटकी कात्री आणि कुठल्याशा कोटाची बटणे. बरणी छपरीतल्या फळीवर ठेवली गेली. एवढी वर्षे आगीशेजारी काढली आणि शेवटी बटणांशेजारी. मला वाईट वाटले, हे लपवत नाही. पण माझ्याहून वाईट कशाचे वाटले असेल तर त्या आवाजाचे.

गाडी सुरू झाली आणि पहिल्याच फेरीनंतर आवाज आला. टक टक टक टक. हेडरच्या तोंडाशी फट पडली की तिथून धूर असा टकटकत निसटतो. ज्याला इंजिन कळते त्याला तो आवाज झोपेतही कळेल. तिहोमीरला कळला. त्याने इंजिन गार होऊ दिले, नट आवळले. दुसऱ्या दिवशी परत टक टक. परत आवळले. ओब्राद अंगणात बसून कॉफी पीत होता आणि आकाशाकडे बघत होता.

"मस्त चालतेय," तिहोमीर त्याला म्हणाला.

"मस्त," ओब्राद म्हणाला.

रादोयकाने दोघांच्या कॉफीत साखर घातली नाही. दोघांनीही ती निमूटपणे प्यायली.

लग्नाच्या आदल्या सकाळी अंगणात मातीच्या मोठ्या हंड्यांत कोबी आणि मांस शिजत होते. बायका लग्नात खोचायच्या वासाच्या रोजमेरीच्या डहाळ्यांना फिती बांधत होत्या. ओब्राद दाढी करायला गावात गेला होता. तिहोमीर छपरीत आला, गाडीचे झाकण उघडले आणि सैल झालेला नट आवळू लागला. अर्ध्यावर एक किंचाळी आल्यासारखा आवाज झाला. नट तिथेच थांबला. पुढे जाईना, मागे येईना. आटे चावले होते. खाली हेडर मोकळा हलत होता.

हंडा ढवळायचा लांब डाव हातात घेऊन रादोयका दारात आली.

"झालं?" तिने विचारले.

"बसला."

"बसणारच. मी बोलले असते, पण म्हटलं, कूमचा मान आहे. मला आज कळू दे, तिहोमीर, तुझं लग्न माझ्याशी झालंय का त्याच्याशी?"

"त्याने हाताने केलेत गं."

"आणि हे मी पायाने केले होते?" असे म्हणून तिने फळीवरची बरणी उचलली आणि बाकावर उपडी केली. किल्ल्या, बटणे, कात्री आणि आम्ही. उजेड इतका लख्ख होता की मला शिंक आली असती, मला नाक असते तर.

तिहोमीरने दाराकडे पाहिले. "तो येईल."

"न्हाव्याकडे गेलाय. आपलं सगळं जर्मनीपुराण सांगितल्याशिवाय उठायचा नाही. चल."

मग दोघे कामाला लागले. चावलेला नट करवतीने कापून काढला. चकचकीत स्टड एकेक करून बाहेर आले. त्यांच्या जागी जुने लोखंडी स्टड गेले. ते घरात होतेच, कारण तिहोमीर काहीही टाकत नाही. रादोयकाने तारेच्या ब्रशने आटे साफ केले. माझी भावंडे आपापल्या जागी गेली. एक स्टड उरला, आणि बाकावर मी उरलो.

तिहोमीरने मला उचलले. "याचा कोपरा गेलाय. पाना धरेल का?"

"तुझे सगळे कोपरे गेलेत," रादोयका म्हणाली. "तुला मी टाकलंय का?"

तो हसला आणि मला हातानेच स्टडवर फिरवू लागला. तेवढ्यात दारात सावली पडली.

ओब्राद आला होता. दाढी गुळगुळीत, केसांना वासाचे पाणी, हातात नवऱ्यामुलासाठी घेतलेली टोपी. बाकावर त्याचे स्टड पडले होते, एका नटाचे दोन तुकडे झाले होते, आणि करवत अजून तिहोमीरच्या शेजारी होती. मित्रांनो, आगीजवळ राहणाऱ्याला भीती अशी वाटत नाही. मला त्या क्षणी वाटली. कूम रुसून गेला तर लग्नात नेवेनाजवळ उभे कोण राहणार? आणि तो गेला तर परत कधी येणार?

"कूम," तिहोमीर म्हणाला, आणि उगाच पाना हातात घेतला.

ओब्रादने कापलेला नट उचलला. आटे बोटाने चाचपले.

"पहिल्या दिवसापासून ऐकतोय मी ती टकटक," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"भेट माझी. मीच कसा म्हणू की वाईट आहे? मला वाटलं, तू म्हणशील."

"तू कूम. मी कसा म्हणू?"

रादोयकाने डाव बाकावर आपटला. "म्हणजे उद्या माझी पोर पांढऱ्या झग्यात अर्ध्या चढावर उतरून पायी निघाली असती, आणि तुम्ही दोघे एकमेकांचा मान राखत मागून चालला असतात. धन्य आहे. एक गाढव असतं तर मी बांधून ठेवलं असतं, दोन दोन कुठे बांधू?"

आधी ओब्रादचे ओठ हलले. मग पोट हलले. मग तो असा हसला की बाहेरची कोंबडी कुंपणापलीकडे गेली. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि ते त्याने लपवलेही नाहीत. "मी दुधाच्या टाक्या करतो रे," तो म्हणाला. "टाकीत कुणी आग लावत नाही. डोक्यातच आलं नाही माझ्या."

त्याने कोट काढला, बाह्या सारल्या आणि तिहोमीरच्या हातातला पाना घेतला. "हा शेवटचा मी लावतो. वहिनी, तुम्ही सांगा, कुठे थांबायचं."

त्याचा हात जड होता. पण त्याने मला पाना इतका जपून लावला की माझा गेलेला कोपराही त्यात नीट बसला. मी गॅस्केटकडे सरकलो, टेकलो, दाबला गेलो.

"बास," रादोयका म्हणाली.

"अजून जरासा?"

"बास म्हणजे बास. तुम्हा दोघांचा जरासा मला माहीत आहे."

तो थांबला. इंजिन सुरू केले, तापू दिले, परत गार होऊ दिले, आणि रादोयकाच्या नजरेखाली एकदा हलकेच आवळले. टकटक नाही. फक्त इंजिनाची एकसुरी घुरघुर. ओब्राद आणि तिहोमीर शेजारी शेजारी उभे राहून ती ऐकत राहिले, आणि तिकडे एका हंड्यातला कोबी खाली लागला.

लग्नाच्या दिवशी गाडीच्या आरशांना भरतकामाचे टॉवेल बांधले, पुढे रोजमेरी खोचली. मागे गाड्यांची रांग, सगळ्यांचे भोंगे चालू, आणि सर्वांत मागच्या गाडीच्या खिडकीतून अकॉर्डियन वाजवणारा अर्धा बाहेर. आमच्या गाडीत तिहोमीर चालवायला, शेजारी ओब्राद, मागे रादोयका आणि आपला झगा सांभाळत नेवेना. चढ लागला. नळ्या तापल्या, मग लाल झाल्या. स्टड फुगले, आम्ही फुगलो, गॅस्केट आमच्याखाली दबून बसले. शेवटचे वळण फार उभे आहे. तिथे तिहोमीरने गिअर बदलला आणि आम्ही सगळ्या भावंडांनी हेडर असा धरला की धुराची एक रेघसुद्धा बाजूने निसटली नाही. त्या वळणावर मला जेवढा आनंद झाला तेवढा जन्मात कधी झाला नव्हता.

चर्चच्या दारात गाडी थांबली. तिहोमीरने इंजिन बंद केले नाही. तो उतरला, झाकण उघडले. ओब्राद दुसऱ्या बाजूने आला. दोघांनी कान पुढे केले. मागून रादोयकाही आली. पाद्रीबाबा बाहेर आले, काय अडले म्हणून विचारायला, आणि त्यांची स्वतःची गाडीही जुनीच असल्यामुळे तेही वाकून ऐकू लागले.

"काही म्हणजे काही आवाज नाही," पाद्रीबाबा म्हणाले. "कसले नट लावलेत?"

"पितळी," ओब्राद अभिमानाने म्हणाला. "वहिनींनी केलेले."

"ऐका," मागच्या सीटवरून नेवेना म्हणाली. "लग्न इंजिनाचं असेल तर सांगा. मी घरी जाऊन कोबी खाते."

सगळे हसले. तिहोमीरने लगबगीने इंजिन बंद केले आणि दार उघडून तिचा हात धरला. ती आत गेली, ओब्राद तिच्याजवळ उभा राहिला, आणि आम्ही बाहेर सावलीत हळूहळू गार होत गेलो.

ओब्रादचे चकचकीत स्टड आणि उरलेले नट वाया गेले नाहीत. अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाला रादोयकाने ते बसवले. तिथे आग नाही. पाऊस पडो, बर्फ पडो, ते तसेच झळझळीत असतात, आणि आल्यागेल्याला ओब्रादने केलेले म्हणून दाखवले जातात.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे आणि माझे मागणे थोडेच आहे. तापत्या जागेला चकाकी बघून नट निवडू नका. आम्हाला गार असताना आवळा, आणि पुरे झाले की थांबा. आणि कुठून टकटक ऐकू आली तर त्याच दिवशी तोंड उघडा. गाडीची असो की माणसाची, फट गप्प बसल्याने बुजत नाही.

या ऑगस्टला ओब्राद आला तेव्हा त्याने आधी गाडीचे झाकण उघडले आणि आम्हाला पाहून मान डोलावली. मग तिहोमीरकडे वळून म्हणाला, "बोल, कूम. आवडलं नसेल असं काही आहे का?"

"आहे," तिहोमीर म्हणाला. "मागच्या वेळी आणलेलं चीज. कुत्र्यानेसुद्धा खाल्लं नाही."

ओब्रादने त्याला मिठी मारली.